पूलचे सामने स्वतःच टिपायचे, तर कॅमकॉर्डर कोणता?

फटका हुकला की हौशी खेळाडूचे बोट सहसा टेबलाकडे, कापडाकडे किंवा नशिबाकडे वळते. फटका मारताना आपले डोके वर उचलले गेले, कोपर शरीरापासून दूर गेला किंवा पांढरा चेंडू पुढे कुठे थांबेल याचा विचारच केला नव्हता, हे त्याला स्वतःला दिसत नाही. त्या क्षणी तो क्यूमागे वाकलेला असतो आणि त्याची नजर चेंडूवर खिळलेली असते. सामना संपल्यावर स्मरणशक्तीही पक्षपात करते. उत्तम फटके लक्षात राहतात, ढिसाळ फटके विसरले जातात. या पक्षपातावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे टेबलाशेजारी उभा केलेला कॅमेरा.

बिलियर्ड्स आणि स्नूकर यांच्याशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. १९५८ आणि १९६४ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकणारे विल्सन जोन्स पुण्यात जन्मले, तर याच स्पर्धेचे तीन वेळा विजेते ठरलेले मायकेल फरेरा मुंबईचे. जिमखान्यांतील मोठ्या टेबलांच्या जोडीला शहरांत पूल पार्लर आली आणि एट-बॉल, नाइन-बॉल हे शब्द महाविद्यालयीन तरुणांपासून नोकरदारांपर्यंत रुळले. मात्र नियमित प्रशिक्षक लाभणे प्रत्येकाच्या आवाक्यात नसते. अशा खेळाडूला स्वतःचा सामना घरी बसून पाहता आला, तर निम्मी शिकवणी तिथेच होते.

प्रश्न उरतो तो कॅमेऱ्याच्या निवडीचा. दुकानातील पाट्या झूम, मेगापिक्सेल आणि 'फोर-के' यांचे मोठमोठे आकडे दाखवतात. पूलच्या टेबलासाठी यांतील बहुतेक आकडे निरुपयोगी असतात. तिथे पाच साध्या गोष्टी लागतात: पुरेशी रुंद लेन्स, न थांबता दीर्घकाळ चित्रीकरण, प्रकाश आणि फोकस हाताने ठरवण्याची सोय, सलग वीजपुरवठा आणि उंच, पक्का स्टँड. या पाच गोष्टी जमल्या, तर साधा कॅमेरा पुरतो. त्या नसतील, तर महागडा कॅमेराही कपाटात पडून राहतो.

आधी टेबल मोजा

स्पर्धांमध्ये वापरल्या जाणाऱ्या नऊ फुटी पूल टेबलाचे खेळण्याचे क्षेत्र १०० इंच लांब आणि ५० इंच रुंद, म्हणजे २५४ बाय १२७ सेंटिमीटर असते. आठ फुटी टेबलाचे क्षेत्र साधारणतः ८८ बाय ४४ इंच भरते. पार्लरमधील लहान टेबले याहून छोटी असतात, तर पूर्ण आकाराच्या स्नूकर टेबलाचे क्षेत्र सुमारे ३५७ बाय १७८ सेंटिमीटर असते. यात लाकडी कडांची रुंदी मिळवली, तर नऊ फुटी पूल टेबल टिपण्यासाठी लांबीच्या बाजूने सुमारे तीन मीटर आणि रुंदीच्या बाजूने सुमारे एक मीटर साठ सेंटिमीटर जागा चौकटीत मावली पाहिजे.

लेन्स किती रुंद पाहते, हे तिच्या फोकल लेंथवरून कळते. माहितीपत्रकात '३५ मिलिमीटर समतुल्य' असा आकडा दिलेला असतो, तोच पाहावा. हा आकडा जितका लहान, तितके दृश्य रुंद. कॅमेरा किती अंतरावर ठेवावा लागेल, याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. टिपायची रुंदी मीटरमध्ये घ्यावी, तिला फोकल लेंथने गुणावे आणि ३६ने भागावे.

सत्तावीस मिलिमीटर समतुल्य लेन्स असेल, तर टेबलाच्या आखूड बाजूकडून १.६ मीटर रुंदी टिपण्यासाठी कॅमेरा जवळच्या कडेपासून सुमारे १.२ मीटर दूर लागेल. लांब बाजूकडून तीन मीटर टिपायचे, तर हेच अंतर सव्वादोन मीटर होईल. लेन्स चाळीस मिलिमीटरची असेल, तर ही अंतरे अनुक्रमे पावणेदोन आणि सव्वातीन मीटरहून थोडी अधिक होतात. ज्या पार्लरमध्ये दोन टेबलांमधून वाट काढताना क्यू भिंतीला लागतो, तिथे सव्वातीन मीटर मोकळी जागा कुठून मिळणार? म्हणूनच पूलसाठी झूम किती 'पट' आहे हे विचारण्याआधी लेन्स किती मिलिमीटरपासून सुरू होते, हे विचारावे. तीसपेक्षा कमी आकडा असेल, तर बहुतेक जागांत काम भागते.

उदाहरणादाखल, २०१५ मध्ये बाजारात आलेल्या सोनीच्या एचडीआर-सीएक्स४०५ या छोट्या हँडिकॅमची लेन्स २६.८ मिलिमीटर समतुल्यपासून सुरू होते. टेपवर चालणाऱ्या जुन्या कॅमकॉर्डरपैकी अनेकांची सुरुवात मात्र चाळीस मिलिमीटर किंवा त्याहूनही पुढे होत असे. अशा कॅमेऱ्यावर बसवायची वाइड लेन्स वेगळी मिळते. परंतु स्वस्त जोडभिंगांमुळे कडेचे चित्र धूसर आणि वाकडे होते.

कॅमेऱ्याची जागा

टेबलाच्या आखूड बाजूमागे, मध्यरेषेवर आणि उंचावर ठेवलेला कॅमेरा सर्वांत उपयुक्त ठरतो. या कोनातून सहाही पॉकेट दिसतात, चेंडूंची परस्परांतील स्थिती कळते आणि दूरच्या टोकाला फटका मारणाऱ्या खेळाडूचा चेहरा व क्यूची सरळ रेषा समोरून दिसते. टेबलाची खेळण्याची पातळी जमिनीपासून सुमारे ७५ ते ७९ सेंटिमीटर उंचीवर असते. कॅमेरा जमिनीपासून दोन मीटरहून थोडा अधिक उंच असेल, तर दूरच्या टोकाचे चेंडू एकमेकांआड लपत नाहीत. त्याहून खाली, कमरेच्या उंचीवर ठेवलेल्या कॅमेऱ्यातून टेबल सपाट पट्टीसारखे दिसते आणि कोणता चेंडू पुढे, कोणता मागे, हे सांगता येत नाही.

उंची वाढवताना टेबलावरच्या दिव्याचे भान ठेवावे लागते. लटकता दिवा सहसा टेबलापासून एक मीटर किंवा थोड्या अधिक उंचीवर असतो. कॅमेरा त्याहून वर गेला की दिव्याची चौकट चित्राच्या वरच्या भागात येते. दूरची पॉकेट दिव्याच्या खालून दिसत आहेत ना, हे कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहूनच जागा पक्की करावी.

कॅमेऱ्याइतकाच विचार स्टँडचा करावा. स्वस्त ट्रायपॉड बहुधा दीड मीटरच्या आसपास संपतात आणि पूर्ण उंचीवर डगमगतात. त्यापेक्षा छायाचित्रकार दिवे लावण्यासाठी वापरतात तो लाइट स्टँड उंच जातो आणि जागाही कमी व्यापतो. त्याच्या पायावर वाळूची पिशवी किंवा पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांचे वजन ठेवल्यास धक्क्याने तो कोसळण्याची भीती कमी होते. भिंतीलगत कपाट वा खांब असेल, तर पकड असलेला क्लॅम्प याहून सोयीचा. ट्रायपॉडवर बसणारे कॅमेऱ्याचे पाव इंची स्क्रू-छिद्र या सर्वांना चालते. कॅमेरा स्थिर असताना त्यातील 'स्टेबिलायझर' बंद ठेवावा. तो चालू राहिल्यास काही कॅमेऱ्यांत चौकट थोडी आकसते आणि चित्र उगाच तरंगते.

प्रकाश : सोय आणि सापळा

कमी उजेडात स्वस्त कॅमेऱ्यांचे चित्र दाणेदार होते, ही तक्रार खरी आहे. पण पूलचे टेबल ही खोलीतील सर्वांत उजळ जागा असते. जागतिक पूल संघटनेच्या निकषांनुसार टेबलाच्या पृष्ठभागावर किमान ५२० लक्स प्रकाश असावा लागतो. एवढ्या प्रकाशात लहान सेन्सरचा साधा कॅमकॉर्डरही स्वच्छ चित्र देतो. शेजारच्या पार्लरमध्ये निम्मे दिवे बंद असतील, तर मात्र चाचणी घेतल्याशिवाय खरेदी करू नये.

खरा सापळा वेगळाच आहे. टेबल उजळ, भोवतालची खोली अंधारी, अशा दृश्यात कॅमेऱ्याची स्वयंचलित यंत्रणा गोंधळते. खोली उजळ दाखवण्याच्या प्रयत्नात कापड पांढरटते आणि पिवळा चेंडू पांढऱ्यासारखा दिसू लागतो. काळा शर्ट घातलेला खेळाडू समोरून गेला, की सारे चित्र क्षणभर उजळून पुन्हा मंदावते. फोकसचेही तेच. कॅमेऱ्यासमोरून कुणी गेले, की भिंग त्याच्यावर स्थिरावते आणि परत टेबलावर येईपर्यंत फटका होऊन गेलेला असतो. म्हणून प्रकाशाची पातळी, फोकस आणि रंगसंतुलन या तिन्ही गोष्टी एकदा ठरवून पक्क्या करता येणे ही चैन नसून मूलभूत गरज आहे. ज्या कॅमेऱ्यात ही सोय नाही, तो कितीही स्वस्त असला तरी टाळावा.

दिव्यांच्या लुकलुकण्याचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. भारतातील वीज ५० हर्ट्झची असल्याने अनेक ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण कॅमेऱ्याला जाणवते. त्यातून चित्रात सरकणारे काळसर पट्टे येतात. शटरचा वेग सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवला, तर हे पट्टे नाहीसे होतात. अमेरिकेतील वीज ६० हर्ट्झची असल्यामुळे तिथे विकले गेलेले अनेक कॅमकॉर्डर सेकंदाला ३० किंवा ६० चित्रे या मापावर बांधलेले असतात. सुट्टीत येणाऱ्या नातेवाइकाकडून तिकडचा कॅमेरा स्वस्तात मागवण्याचा बेत असेल, तर त्यात ५० हर्ट्झची, म्हणजेच 'पाल' पद्धतीची सोय आहे का, किंवा शटर हाताने ठरवता येते का, हे आधी विचारून घ्यावे. दोन्ही नसल्यास येथील दिव्यांखाली प्रत्येक सामना लुकलुकत पाहावा लागेल.

किती वेग टिपता येतो?

पूलचा चेंडू ५७ मिलिमीटर व्यासाचा असतो. साधारण फटक्यात तो सेकंदाला दोन मीटर वेगाने गेला, असे धरू. शटर सेकंदाचा शंभरावा भाग उघडे राहिले, तर तेवढ्या वेळात चेंडू दोन सेंटिमीटर सरकतो. चित्र किंचित पुसट होते, पण चेंडू ओळखू येतो. ताशी तीस किलोमीटर वेगाच्या जोरदार ब्रेकमध्ये मात्र तो तेवढ्याच वेळात आठ सेंटिमीटरहून अधिक जातो आणि चेंडूऐवजी रेघ दिसते. ब्रेकचा तपशील पाहायचा असल्यास शटर आणखी वेगवान करावे लागते आणि त्यासाठी प्रकाशही जास्त लागतो.

सेकंदाला २५ चित्रे सामन्याच्या अभ्यासास पुरतात. ५० चित्रांची सोय असल्यास क्यूची हालचाल अधिक सलग दिसते. जुन्या कॅमकॉर्डरमधील '५० आय' हा प्रकार आणि '५० पी' यांत फरक आहे. पहिल्यात प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत, एकाआड एक रेघांनी टिपले जाते. त्यामुळे दृश्य थांबवून पाहताना हलत्या क्यूला कंगव्यासारखे दाते दिसतात. फटका थांबवून, एकेक चित्र पुढे सरकवत पाहणाऱ्या खेळाडूने 'पी'चाच आग्रह धरावा.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. क्यूचे टोक पांढऱ्या चेंडूला दोनदा लागले की एकदा, हा वाद चित्रण पाहून मिटेल, अशी अनेकांची समजूत असते. क्यू आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरता टिकतो. सेकंदाला २४० चित्रे टिपणाऱ्या मोबाइलच्या 'स्लो मोशन'मध्येही दोन चित्रांतील अंतर त्याच्या चौपट असते. त्यामुळे स्पर्श प्रत्यक्ष दिसेलच असे नाही. दिसतो तो परिणाम, म्हणजे पांढऱ्या चेंडूचा पुढचा मार्ग आणि वेग. अनुभवी पंचही त्यावरूनच निर्णय करतात.

सामना संपेपर्यंत कॅमेरा चालला पाहिजे

निर्णायक रॅकमध्ये कॅमेरा बंद पडलेला आढळणे, हा या छंदातील सर्वांत मोठा मनस्ताप. त्याची कारणे तीन: वेळेची मर्यादा, बॅटरी आणि कार्ड.

अनेक डिजिटल स्थिरचित्र कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनी चित्रीकरण आपोआप थांबवत. यामागे तंत्राइतकाच कराचा भाग होता. तीस मिनिटे वा त्याहून अधिक सलग चित्रण करणारे यंत्र युरोपीय संघाच्या सीमाशुल्क नियमांत 'व्हिडिओ कॅमेरा' गणले जाई आणि त्यावर जादा कर बसे. कंपन्यांनी मर्यादा घालून तो टाळला. पुढे अनेक नव्या मॉडेलांतून ती निघाली, तरी वापरलेला कॅमेरा घेणाऱ्याने ही चौकशी अवश्य करावी. कॅमकॉर्डरला सहसा अशी मर्यादा नसते आणि मोबाइलच्या युगातही त्याचे हे बलस्थान टिकून आहे. काही कॅमकॉर्डर चार गिगाबाइटपाशी फाइल तोडून लगेच नवी सुरू करतात. त्यात सामना तुटत नाही, फाइली तेवढ्या अनेक होतात.

कॅमेऱ्यासोबत येणारी बॅटरी बहुधा लहान असते आणि सात रॅकपर्यंत चालणारा अटीतटीचा सामना तासाभरापेक्षा जास्त सहज लांबतो. चित्रीकरण चालू असताना कॅमेरा अॅडॉप्टरवरून किंवा पॉवर बँकेवरून वीज घेतो का, हा प्रश्न दुकानात स्पष्टपणे विचारावा आणि प्रत्यक्ष करून पाहावा. काही यंत्रे यूएसबीवरून फक्त बंद स्थितीत चार्ज होतात. अशा वेळी मोठ्या क्षमतेची जादा बॅटरी मिळते का, ते पाहावे.

कार्डाचा हिशेब एका गुणाकाराचा आहे. माहितीपत्रकात चित्रणाचा दर मेगाबिट प्रतिसेकंद असा दिलेला असतो. त्याला ०.४५ने गुणले की दर तासाला किती गिगाबाइट जागा लागेल, ते कळते. १६ मेगाबिटला तासाला ७.२ गिगाबाइट, २८ मेगाबिटला १२.६, ५० मेगाबिटला २२.५, तर 'फोर-के'च्या १०० मेगाबिटला तब्बल ४५ गिगाबाइट. म्हणजे ६४ गिगाबाइटच्या कार्डावर पहिल्या दराने आठ तासांहून अधिक चित्रण मावते, शेवटच्या दराने दीड तासही मावत नाही. स्थिर टेबलाच्या चित्रणाला १६ ते २८ मेगाबिटचा दर पुरेसा होतो. कार्ड मात्र नामांकित कंपनीचे आणि बिलासह घ्यावे. बनावट कार्डांवर छापलेली क्षमता प्रत्यक्षात नसते आणि हे बहुधा सामना गमावल्यावरच समजते.

पर्याय कोणते?

*साधा कॅमकॉर्डर :* सलग चित्रीकरण, वळणारा पडदा, ट्रायपॉडवर सहज बसणे आणि कमी वजन हे त्याचे गुण. मोबाइलच्या प्रसारानंतर कंपन्यांनी या वर्गातील मॉडेले बरीच कमी केली. त्यामुळे नव्याबरोबर दुकानातील शिल्लक साठा आणि वापरलेली यंत्रे यांचाही विचार करावा लागतो. मेमरी कार्डावर पूर्ण एचडी चित्रण करणारे आणि लेन्स तीस मिलिमीटरच्या आत सुरू होणारे यंत्र सुस्थितीत मिळाले, तर पूलसाठी ते आजही चोख आहे.

*हातातला मोबाइल :* सर्वांत स्वस्त पर्याय, कारण तो आधीच खिशात असतो. मुख्य लेन्स पुरेशी रुंद असते आणि चित्रही चांगले येते. अडचणी वेगळ्या. मध्येच फोन येतो, जागा भरते, यंत्र तापते आणि सामना चालू असताना फोन वापरता येत नाही. जुना, वापरात नसलेला मोबाइल असेल, तर तो 'एअरप्लेन मोड'वर ठेवून चार्जरला जोडावा. प्रकाश आणि फोकस पक्का करणारे कॅमेरा-अॅप त्यात घ्यावे. अनेकांची गरज एवढ्यावरच भागेल. त्यांनी आधी फक्त चांगला स्टँड घ्यावा आणि महिनाभराने कॅमकॉर्डरची खरेच गरज आहे का, याचा विचार करावा.

*अॅक्शन कॅमेरा :* अतिरुंद लेन्समुळे अरुंद पार्लरमध्ये उपयोगी. मात्र अतिरुंद दृश्यात टेबलाच्या सरळ कडा धनुष्यासारख्या वाकतात. कोन आणि रेषा यांवरच खेळ उभा असताना हा दोष लहान नाही. 'लिनियर' दृश्याची सोय असेल, तर ती वापरावी. हवा न खेळणाऱ्या खोलीत हे छोटे यंत्र लवकर तापते, हेही ध्यानात ठेवावे.

*टेपवरचा जुना कॅमकॉर्डर :* मिनी-डीव्ही यंत्रे जुन्या बाजारात अत्यंत स्वस्त मिळतात आणि त्यांचे चित्र एके काळी नावाजलेलेही होते. पण नेहमीच्या वेगात एका टेपवर साठच मिनिटे मावतात. चित्रण संगणकात उतरवायला सामन्याइतकाच वेळ लागतो आणि त्यासाठी लागणारी फायरवायर जोडणी नव्या संगणकांत नसते. घरातल्या जुन्या टेप पाहण्यापुरते हे यंत्र ठीक, पूलसाठी नव्याने घेऊ नये.

आकड्यांचा मोह

अल्प किमतीत 'फोर-के', '४८ मेगापिक्सेल', '१६ पट झूम' अशी जाहिरात करणारे, नाव फारसे न ऐकलेले कॅमकॉर्डर संकेतस्थळांवर मोठ्या संख्येने दिसतात. त्यांतील अनेकांत झूम केवळ 'डिजिटल' असतो. म्हणजे चित्राचा मधला भाग ताणून मोठा केलेला असतो. मेगापिक्सेलचा आकडाही सेन्सरचा नसून संगणकीय वाढीचा असू शकतो. फोकस कायमचा बसवलेला आणि प्रकाश हाताने ठरवण्याची सोय नाही, अशी यंत्रे पूलच्या उजळ टेबलावर हमखास फसतात. माहितीपत्रकात 'ऑप्टिकल झूम', सेन्सरचा आकार आणि लेन्सची फोकल लेंथ यांपैकी एकही गोष्ट दिलेली नसेल, तर तिथेच थांबावे.

पूलला फार मोठा झूमही लागत नाही. कॅमेरा टेबलापासून दोन-तीन मीटरवर असतो. पन्नास पट झूम ही सोय मैदानाच्या दुसऱ्या टोकावरील फलंदाज टिपणाऱ्यासाठी आहे. तीच गोष्ट 'फोर-के'ची. एचडी चित्रात टेबलावरचा प्रत्येक चेंडू स्पष्ट ओळखता येतो. जादा तपशिलाची किंमत कार्ड, संगणक आणि वेळ या तिन्ही रूपांत मोजावी लागते.

किमती सतत बदलत असल्याने रकमेऐवजी खर्चाचा क्रम ठरवणे श्रेयस्कर. प्रथम स्टँड, मग कार्ड आणि वीज, त्यानंतर उरलेल्या रकमेत कॅमेरा. बहुतेक जण नेमका उलटा क्रम धरतात आणि अखेरीस कॅमेरा शेजारच्या खुर्चीवर पुस्तकांच्या थप्पीवर ठेवून चित्रीकरण करतात.

दुकानात काय तपासावे?

मुंबईत फोर्ट परिसरातील बोरा बाजार किंवा पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली अशा ठिकाणी गेल्यास निवडीला वाव असतो, पण घाई टाळावी. स्वतःचे कार्ड सोबत न्यावे आणि पुढील तपासण्या कराव्यात :

• दुकानातील ट्यूबलाइटखाली पाच मिनिटे चित्रण करून ते मोठ्या पडद्यावर पाहावे. पट्टे सरकतात का, हे तिथेच कळते.

• फोकस आणि प्रकाश पक्का करून कॅमेऱ्यासमोरून एखाद्याला चालायला सांगावे. चित्र बदलता कामा नये.

• वीज जोडलेली असताना चित्रीकरण सुरू राहते का, ते पाहावे.

• भिंतीवर सुमारे दीड मीटर रुंदीचा भाग मोजून तो किती अंतरावरून चौकटीत बसतो, ते पाहावे.

• चित्रणाची फाइल घरच्या संगणकावर वा मोबाइलवर जास्तीच्या सॉफ्टवेअरविना चालते का, ते तपासावे.

• वापरलेले यंत्र असल्यास पडद्याची बिजागरी, बॅटरीचा टिकाव आणि कार्डाचा खाचा नीट पाहावा. बॅटरी नव्याने मिळत नसेल, तर यंत्र घेऊ नये.

• पक्के बिल आणि भारतातील वॉरंटी आहे का, याची खात्री करून घ्यावी. बिलाविना मिळणारी सवलत दुरुस्तीच्या वेळी महागात पडते.

परवानगी हवीच

क्लब किंवा पार्लर ही खासगी जागा असते. व्यवस्थापकाची आणि प्रतिस्पर्ध्याची संमती घेतल्याशिवाय कॅमेरा लावू नये. शेजारच्या टेबलावरील मंडळी, विशेषतः लहान मुले, चौकटीत येणार नाहीत असा कोन निवडावा. स्पर्धेत आयोजकांचे नियम पाळावे लागतात आणि प्रक्षेपणाचे हक्क दुसऱ्याकडे असू शकतात. स्टँड येण्याजाण्याच्या वाटेत नसावा आणि वायर जमिनीला चिकटवलेली असावी. फटका मारणाऱ्याच्या नजरेसमोर लुकलुकणारा लाल दिवा येत असेल, तर तो मेनूतून बंद करावा किंवा त्यावर काळी पट्टी लावावी. चित्रण इंटरनेटवर टाकायचे असेल, तर त्यासाठी प्रतिस्पर्ध्याची वेगळी संमती घ्यावी. पार्लरमध्ये वाजणाऱ्या गाण्यांवरून स्वामित्वहक्काची हरकत येऊ शकते, तेव्हा आवाज काढून टाकणे इष्ट.

चित्रणाचा उपयोग

सामने टिपून कपाटात ठेवल्याने खेळ सुधारत नाही. या बाबतीत अमेरिकेतील पॅट फ्लेमिंग यांचे उदाहरण बोलके आहे. स्वतः व्यावसायिक खेळाडू असलेल्या फ्लेमिंग यांनी 'अॅक्यु-स्टॅट्स' या नावाने नामवंत खेळाडूंचे सामने टिपण्याचा उपक्रम उभा केला आणि खेळाचे मोजमाप करणारी एक पद्धतही रूढ केली. तिचा गाभा सोपा आहे. पॉकेट केलेल्या चेंडूंच्या संख्येला, पॉकेट केलेले चेंडू अधिक चुका या बेरजेने भागायचे. चूक म्हणजे केवळ हुकलेला फटका नव्हे. पांढऱ्या चेंडूची वाया गेलेली जागा, फसलेली सेफ्टी आणि फाऊल हेही त्यात मोजले जातात.

समजा, एखाद्या खेळाडूने सामन्यात ४२ चेंडू पॉकेट केले आणि १४ चुका केल्या. ४२ला ५६ने भागल्यावर ०.७५० हा आकडा येतो. निर्दोष खेळ म्हणजे १.०००. या पद्धतीत ०.९००च्या पुढचा खेळ अव्वल दर्जाचा मानला जातो. आकड्यापेक्षाही महत्त्वाची ठरते ती चुकांची यादी. चौदापैकी नऊ चुका पांढऱ्या चेंडूच्या जागेच्या निघाल्या, तर रोज तासभर केवळ लांब फटक्यांचा सराव करणाऱ्या त्या खेळाडूचा वेळ आजवर चुकीच्या ठिकाणी गेला, हे उघड होते. असा निष्कर्ष स्मरणशक्तीवरून काढता येत नाही. त्यासाठी अखंड, स्पष्ट चित्रण लागते.

पाहतानाही पद्धत असावी. पहिल्या फेरीत केवळ चुका मोजाव्यात. दुसऱ्या फेरीत प्रत्येक चुकीआधीचे दहा सेकंद पाहावेत: खेळाडू फटका ठरवून वाकला की वाकल्यावर विचार करत बसला, क्यू सुटेपर्यंत डोके स्थिर राहिले का, जिंकण्याची संधी समोर आल्यावर नेहमीची लय मोडली का. शरीराच्या ठेवणीसाठी सामन्याव्यतिरिक्त सरावाच्या वेळी कॅमेरा जवळ आणून क्यूच्या समोरून व बाजूने काही फटके वेगळे टिपावेत. सामन्याचे चित्रण निर्णय दाखवते, जवळचे चित्रण हाताची सवय दाखवते.

दर महिन्याला एक सामना, त्याचा आकडा आणि चुकांची यादी एवढे वहीत नोंदवत गेल्यास वर्षाअखेरीस खेळाडूजवळ बारा प्रामाणिक साक्षी जमा होतात. स्वस्त कॅमकॉर्डरची किंमत वसूल होते ती तिथे.